विश्लेषण : मेमरी महागली, मग बँकांच्या मेनफ्रेममध्ये काटकसर करावी का?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरकडून मागणी वाढल्याने २०२५च्या उत्तरार्धात मेमरी चिपचे भाव झपाट्याने चढले. मायक्रॉन या अमेरिकी कंपनीने तर ‘क्रुशियल’ या नावाने सामान्य ग्राहकांना मेमरी विकणेच थांबवण्याचा निर्णय डिसेंबर २०२५मध्ये जाहीर केला. मोबाइल आणि लॅपटॉपच्या खरेदीदारांना याची झळ बसतेच. पण बँका, विमा कंपन्या आणि विमान कंपन्यांचे हिशेब सांभाळणाऱ्या मेनफ्रेम संगणकांपुढेही यामुळे जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. यंत्रात मेमरी किती हवी? तिचे उत्तर ‘मेमरी किती टक्के भरली’ या आकड्यात मिळत नाही. त्यासाठी ‘पेजिंग’ समजून घ्यावे लागते.

मेनफ्रेम अजूनही वापरात आहेत?

आहेत, आणि महत्त्वाच्या कामात आहेत. मूल्याच्या दृष्टीने जगातील सुमारे ७० टक्के आर्थिक व्यवहार आपल्या मेनफ्रेमवर होतात, असा आयबीएमचा दावा आहे. कंपनीने १९६४मध्ये ‘सिस्टिम/३६०’ ही मालिका आणली. तिच्यातील मॉडेल ३० या छोट्या यंत्राची मेमरी जास्तीत जास्त ६४ किलोबाइट होती. एप्रिल २०२५मध्ये जाहीर झालेल्या ‘झेड-१७’ या मेनफ्रेममध्ये ती ६४ टेराबाइटपर्यंत वाढवता येते. म्हणजे सहा दशकांत शंभर कोटी पटींहून अधिक वाढ झाली. तरीही मेमरी पुरत नाही, ही तक्रार कायम आहे. कारण मेमरीबरोबर डेटाबेस, व्यवहारांची संख्या आणि प्रोग्रामही वाढत गेले.

पेजिंग म्हणजे नेमके काय?

सरकारी कचेरीतील कारकुनाच्या टेबलावर मोजक्याच फायली मावतात. बाकीच्या दप्तरखान्यात असतात. नवी फाइल मागवायची आणि टेबलावर जागा नसेल, तर बरेच दिवस न उघडलेली एखादी फाइल आत पाठवावी लागते. संगणकातही हेच घडते. मेनफ्रेमची ‘झेड/ओएस’ ही ऑपरेटिंग सिस्टिम मेमरीचे चार किलोबाइटचे तुकडे करते. त्या तुकड्याला ‘पेज’, म्हणजे पान म्हणतात. प्रत्येक प्रोग्रामला आपल्याकडे भरपूर मोठी, सलग मेमरी आहे असे भासवले जाते. ही आभासी मेमरी. प्रत्यक्षात तिच्यातील काही पाने खऱ्या मेमरीत असतात, तर काही डिस्कवरील राखीव जागेत. त्या जागेला ‘ऑक्झिलरी स्टोरेज’ म्हणजे साहाय्यक साठा असे नाव आहे. पान मेमरीतून तिकडे जाणे म्हणजे ‘पेज-आउट’ आणि तिकडून परत येणे म्हणजे ‘पेज-इन’. या ये-जा करण्याला पेजिंग म्हणतात.

मोबाइलही मेमरी अपुरी पडली की अशीच कसरत करतो. मात्र तिथे एक सोपी पळवाट असते. मागे पडलेले ॲप सरळ बंद केले जाते आणि पुन्हा उघडल्यावर ते नव्याने सुरू होते. बँकेच्या खातेवहीचा प्रोग्राम असा मधेच बंद करता येत नाही. त्यामुळे मेनफ्रेमवर पाने सांभाळण्याची शिस्त कितीतरी कडक असते.

ही कल्पना आली कुठून?

इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या ‘ॲटलस’ संगणकात ती प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. हा संगणक डिसेंबर १९६२मध्ये सुरू झाला. त्या काळी मेमरी अतिशय महाग होती. म्हणून थोडी महाग मेमरी आणि भरपूर स्वस्त चुंबकीय ड्रम यांची सांगड घालण्यात आली. आयबीएमने ऑगस्ट १९७२मध्ये ‘सिस्टिम/३७०’ मालिकेसाठी आभासी मेमरी जाहीर केली आणि व्यापारी जगात ती रूढ झाली.

तिचा धोका मात्र त्याआधीच लक्षात आला होता. पीटर डेनिंग या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने १९६८मध्ये ‘वर्किंग सेट’ची संकल्पना मांडली. प्रत्येक प्रोग्रामला ठरावीक काळात प्रत्यक्ष लागणाऱ्या पानांचा एक संच असतो. तो मेमरीत मावला तर काम सुरळीत चालते. अनेक प्रोग्रामचे असे संच मिळून मेमरीपेक्षा मोठे झाले, तर प्रत्येक जण दुसऱ्याची पाने बाहेर ढकलतो आणि क्षणात तीच पाने परत मागवली जातात. यंत्र पाने हलवण्यातच गुंतते आणि मूळ काम ठप्प होते. याला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. ही घसरण हळूहळू होत नाही. एका मर्यादेपर्यंत सारे ठीक दिसते आणि ती ओलांडली की कामगिरी अचानक कोसळते.

मेमरी ९५ टक्के भरलेली दिसली, तर धोका समजायचा का?

नाही, आणि मेमरीबाबतच्या निर्णयांतील सर्वाधिक गोंधळ याच आकड्यामुळे होतो. कुणी हात न लावलेली पानेही मेमरीत पडून राहतात. जागेची गरज लागेपर्यंत ती हलवण्यात काही अर्थ नसतो. त्यामुळे भरलेली मेमरी म्हणजे अपुरी मेमरी नव्हे. उलट महाग मेमरी मोठ्या प्रमाणात रिकामी पडून असेल, तर पैसा वाया जात असण्याचीच शक्यता अधिक.

खरे चित्र तीन आकडे एकत्र पाहिल्यावर दिसते. पहिला, मोकळ्या चौकटींची संख्या. पान ठेवण्याच्या जागेला चौकट म्हणतात. मोकळ्या चौकटी ठरावीक मर्यादेखाली गेल्या की प्रणाली सर्वांत दुर्लक्षित पाने काढून घेऊ लागते. याला ‘पेज स्टीलिंग’ म्हणजे पानांची चोरी असे नाव आहे. दुसरा, ‘यूआयसी’ हा निर्देशांक. मेमरीतील जुनी पाने साधारण किती सेकंद कुणी वापरलेली नाहीत, हे तो सांगतो. त्याची कमाल मर्यादा ६५,५३५ सेकंद, म्हणजे सुमारे १८ तास आहे. आकडा तिथे टेकलेला असेल तर मेमरीवर ताण नाही. तो काही सेकंदांवर घसरला, तर ताजी पानेही बाहेर काढावी लागत आहेत असे समजायचे. तिसरा, ‘डिमांड पेजिंग’चा दर. दर सेकंदाला किती पाने डिस्कवरून परत आणावी लागली, हे त्यातून कळते.

इथेही ‘इन’ आणि ‘आउट’ यांत फरक करायला हवा. पान बाहेर जाताना सहसा कुणाचे काम अडत नाही. पान परत येईपर्यंत मात्र ते मागणारा प्रोग्राम थांबलेला असतो. त्यामुळे रात्री पेज-आउटचा मोठा आकडा दिसला, तर तो तितका चिंताजनक नसतो. सकाळी ग्राहकांचे व्यवहार सुरू असताना पेज-इन वाढले, तर ती धोक्याची घंटा असते. ‘आरएमएफ’ या मोजमाप साधनाच्या पेजिंग अहवालात हे आकडे वेगवेगळे मिळतात.

पेजिंगने व्यवहारांवर काय परिणाम होतो?

मेमरीतील पान वाचायला सेकंदाचा साधारण एक कोटीवा भाग पुरतो. फिरत्या डिस्कवरून तेच पान आणायला काही मिलिसेकंद लागतात. फ्लॅश साठ्यावरून काही शतांश मायक्रोसेकंद नव्हे, तर शेकडो मायक्रोसेकंद जाऊ शकतात. हे अंतर रोजच्या मोजमापात मांडले तर असे दिसेल : मेमरीतील वाचनाला एक सेकंद लागतो असे धरले, तर २०० मायक्रोसेकंदांच्या फ्लॅश वाचनाला सुमारे ३३ मिनिटे लागतील आणि पाच मिलिसेकंदांच्या डिस्क वाचनाला जवळपास १४ तास.

प्रश्न एका व्यवहाराच्या उशिराचा नसतो. पैसे हस्तांतरित करताना डेटाबेसमधील संबंधित नोंदीला कुलूप लागते, म्हणजे तोवर दुसरा कुणी ती बदलू शकत नाही. व्यवहार पानाची वाट पाहत थांबला की कुलूपही तितका वेळ बंद राहते. मागून येणारे व्यवहार खोळंबतात. त्यांनी अडवलेली मेमरी सुटत नाही, त्यामुळे ताण आणखी वाढतो. ग्राहकाला दिसते ते एवढेच, की एटीएमच्या पडद्यावरील चाक फिरत आहे.

मग पेजिंग शून्यावर आणणे हेच उत्तर आहे का?

अनेक बँकांमध्ये मेमरी इतकी वाढवली गेली, की रोजच्या कामात पेजिंग जवळपास शून्य असते. हे चांगलेच. पण त्यातून एक नवी बेफिकिरी येते. पेजिंग होतच नाही, मग साहाय्यक साठा कशाला वाढवायचा, असा विचार सुरू होतो. अडचण रोजच्या दिवशी येत नाही. ती अपवादाच्या दिवशी येते.

असा अपवाद तीन प्रकारे उद्भवतो. एखादा प्रोग्राम बिघडला की प्रणाली त्याच्या मेमरीची नक्कल काढते. तिला ‘डंप’ म्हणतात. मोठ्या डेटाबेसचा डंप अनेक गिगाबाइटचा असू शकतो आणि तो साठवायलाही आधी मेमरीच लागते. म्हणजे आधीच संकट असताना मेमरीची मागणी एकदम वाढते. दुसरा प्रकार रात्रपाळीतून दिवसपाळीत जाण्याचा. रात्रभर व्याज आकारणी, खातेउतारे अशी ठोक कामे चालतात आणि दिवसाच्या व्यवहारांची पाने बाहेर जातात. सकाळी ती सगळी एकदम परत लागतात. तिसरा प्रकार सर्वांत गंभीर. एक यंत्र बंद पडले की त्याचे काम दुसऱ्यावर वळवले जाते. दुसऱ्यात तेवढी मोकळी मेमरी नसेल, तर वाचवायला आलेले यंत्रच गुदमरते.

साहाय्यक साठाही अमर्याद नसतो. डिस्कवरील पेजिंगची जागा ३० टक्क्यांहून अधिक भरू देऊ नये, असा जुना मार्गदर्शक नियम आहे. त्यापुढे सलग मोकळी जागा सापडणे अवघड होते आणि लेखन मंदावते. वापर ७० टक्क्यांवर गेला की प्रणाली इशारा देते आणि नवी कामे सुरू करण्यास नकार देऊ लागते. ८५ टक्क्यांवर परिस्थिती गंभीर असल्याचा इशारा येतो. जागा पूर्ण संपली तर संपूर्ण प्रणाली थांबू शकते. या धक्क्यांसाठीच आयबीएमने २०१२मध्ये ‘फ्लॅश एक्स्प्रेस’ आणि २०१७च्या झेड-१४ यंत्रात ‘व्हर्च्युअल फ्लॅश मेमरी’ आणली. डंप आणि सकाळची गर्दी अशा प्रसंगी डिस्कपेक्षा वेगाने पाने हलावीत, हा तिचा हेतू.

अर्थात शून्य पेजिंग सगळीकडे अपेक्षित नसते. ‘झेड/व्हीएम’ या प्रणालीत एकाच यंत्रावर अनेक आभासी लिनक्स यंत्रे चालतात. त्यांना मिळून प्रत्यक्षापेक्षा अधिक मेमरी वाटणे हे तिथले ठरवून केलेले नियोजन असते. थोडे पेजिंग तिथे स्वाभाविक मानले जाते.

मेमरी वाढवल्याने प्रोसेसरचा खर्च कसा कमी होतो?

मेनफ्रेमच्या अर्थकारणातील ही कळीची बाब आहे. मेनफ्रेमवरील अनेक सॉफ्टवेअरचे मासिक भाडे प्रोसेसरच्या वापराशी जोडलेले असते. रूढ पद्धतीत सलग चार तासांच्या वापराची सरकती सरासरी काढली जाते आणि महिन्यातील तिचे सर्वोच्च शिखर बिलासाठी धरले जाते. आयबीएमने २०१९पासून एकूण वापरावर आधारित पर्यायही दिला. दोन्हींत प्रोसेसरचा वापर घटला तर बिल घटण्यास वाव असतो. मेमरीच्या आकारावर मात्र असे मासिक भाडे लागत नाही.

डिस्कवरून प्रत्येक वाचन करताना प्रोसेसरचाही वेळ खर्च होतो. ‘डीबी२’ डेटाबेस सतत लागणारी माहिती मेमरीतील ‘बफर पूल’मध्ये ठेवतो. हा साठा वाढवला की डिस्कच्या फेऱ्या कमी होतात आणि प्रोसेसरचा वेळ वाचतो. बफर पूलची पाने मेमरीत खिळवून ठेवली, तर प्रत्येक वाचन-लेखनाच्या वेळी त्यांना अडकवण्याचे आणि सोडवण्याचे कामही वाचते. चार किलोबाइटऐवजी एक मेगाबाइटची मोठी पाने वापरली, तर पत्ते शोधण्याचा खर्च आणखी उतरतो.

पण हे औषध मात्रेतच घ्यावे लागते. खिळवलेली पाने बाहेर काढता येत नाहीत. ती प्रमाणाबाहेर वाढली, तर उरलेल्या थोड्या मेमरीत बाकी सगळ्यांची ओढाताण होते. याउलट न खिळवलेला बफर पूल खऱ्या मेमरीपेक्षा मोठा ठेवला, तर दुहेरी पेजिंग होते. डिस्कची फेरी वाचवायला डेटाबेसने मेमरीत ठेवलेले पानच ऑपरेटिंग सिस्टिमने डिस्कवर पाठवलेले असते. म्हणजे सोय केली आणि फेरी तशीच राहिली.

मेमरी महागल्याने हा हिशेब बदलतो का?

काही अंशी बदलतो. टँडम कंपनीतील जिम ग्रे आणि फ्रँको पुत्झोलू यांनी १९८७मध्ये ‘पाच मिनिटांचा नियम’ मांडला. जे पान दर पाच मिनिटांत किमान एकदा लागते, ते मेमरीतच ठेवणे स्वस्त पडते. त्याहून क्वचित लागणारे डिस्कवर ठेवावे, असा त्याचा आशय. ही पाच मिनिटे त्या काळच्या भावांवरून आली होती. डिस्कच्या एका वाचनाची किंमत आणि मेमरीतील जागेची किंमत यांच्या गुणोत्तरावर ती ठरते. बाकी सारे तसेच राहून मेमरीचा भाव दुप्पट झाला, तर ही सीमा निम्म्यावर येते. म्हणजे क्वचित लागणारी काही पाने मेमरीतून हलवणे परवडू लागते.

मेनफ्रेममध्ये मात्र गुणोत्तराच्या दुसऱ्या बाजूला केवळ डिस्क नसते. प्रत्येक वाचनामागे प्रोसेसरचा वेळ आणि त्यावरील सॉफ्टवेअरचे भाडेही असते. शिवाय मेमरी एकदाच खरेदी केली जाते, भाडे दर महिन्याला येते. त्यामुळे इतर संगणकांच्या तुलनेत मेनफ्रेमवर मेमरीची बाजू भाववाढीनंतरही बरीच भक्कम राहते. मेमरी कापून झालेली बचत प्रोसेसरच्या बिलात परत जाण्याची शक्यता इथे अधिक असते.

काटकसर नेमकी कुठे करता येईल?

पहिली जागा म्हणजे वाटपातील असमतोल. एका मेनफ्रेमचे ‘एलपार’ नावाचे अनेक विभाग करतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र मेमरी दिलेली असते. एका विभागात ती पडून असली, तरी शेजारच्या विभागाला ती आपोआप मिळत नाही. चाचणीसाठी राखलेल्या विभागांमध्ये अशी निष्क्रिय मेमरी अनेकदा सापडते. ती फिरवून घेतली तर नवी खरेदी टळू शकते. दुसरी जागा बफर पूलची. मेमरी वाढवूनही डिस्कच्या फेऱ्या कमी होत नसतील, तर तो पूल गरजेपेक्षा मोठा आहे.

आपत्तीसाठी राखलेली मोकळी मेमरी आणि साहाय्यक साठा या मात्र हात लावू नये अशा जागा आहेत. रोजच्या अहवालात त्या रिकाम्याच दिसतात, म्हणून कपातीच्या यादीत त्यांचेच नाव आधी येते. निर्णयासाठी एका शांत दिवसाचा अहवाल पुरेसा नसतो. महिनाअखेर, तिमाहीअखेर आणि शक्य असल्यास आर्थिक वर्षअखेरीचे आकडे पाहावे लागतात. सरासरीपेक्षा सर्वांत वाईट तास महत्त्वाचा ठरतो, कारण थ्रॅशिंग सरासरीत दिसत नाही.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

अमेरिका आणि युरोपातील अनेक बँका व विमा कंपन्यांच्या मेनफ्रेमची देखभाल पुणे आणि मुंबईतील आयटी कंपन्यांमधून होते. मेनफ्रेमसाठी देखरेखीची साधने बनवणाऱ्या बीएमसी सॉफ्टवेअरचे केंद्रही पुण्यात आहे. उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र होते, तेव्हा पुण्यात सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. तिकडची रात्रीची ठोक कामे इकडच्या दिवसपाळीत चालतात आणि तिथल्या बँका उघडतात तेव्हा इकडे संध्याकाळ झालेली असते. पानांच्या सकाळच्या गर्दीवर लक्ष ठेवणे हे त्यामुळे अनेकदा इथल्या संध्याकाळच्या पाळीचे काम असते.

चिंता आहे ती अनुभवाची. मेमरी महाग असताना पेजिंगशी झुंजलेली पिढी निवृत्त होत आहे. मुबलक मेमरीच्या काळात कामाला लागलेल्या तरुण अभियंत्यांनी पेजिंगचा आलेख शून्याला चिकटलेलाच पाहिला आहे. भाव चढल्यावर कपातीची सूचना व्यवस्थापनाकडून येईल, पण कुठली मेमरी रिकामी आहे आणि कुठली राखीव, हे आकड्यांनिशी सांगण्याची जबाबदारी याच अभियंत्यांवर असेल. ते वेळेत सांगितले गेले नाही, तर चुकीची किंमत मोजणारा खातेदार त्या यंत्रापासून हजारो किलोमीटरवर एटीएमसमोर उभा असेल.